गुलाबी हातांचा एवाल्ड

एवाल्ड श्पोर्लेडरचे हात गुलाबी होते. जन्माने नव्हे, धंद्याने. तळवे फिकट आणि नखांच्या कडा चांगल्या गडद. साबणाने तो रंग जायचा नाही, स्पिरिटने जायचा नाही. जायचा तो फक्त उन्हाने. म्हणून उन्हाळ्यात रविवारी चर्चमधून आला की तो वेझर नदीच्या धक्क्यावरच्या बाकावर बसायचा, दोन्ही तळवे आकाशाकडे करून. परगावच्या माणसाला वाटायचं, काय भाविक गृहस्थ आहे! आमच्या होल्त्समिंडेनमध्ये मात्र शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, की दिव्यांच्या शेडमधला माणूस हात धुतोय.

गावात स्वाद आणि सुगंध बनवणारे कारखाने, त्यामुळे तेव्हा आमच्या गावाला वास होता. आता धुरांड्यांना गाळण्या बसल्या, सगळं कसं धुतल्या तांदळासारखं झालं. बरं झालं असं लोक म्हणतात, म्हणोत बापडे. त्या काळी वारा कुठून वाहतोय हे कळायला रेडिओ लावावा लागत नसे. पश्चिमेचा असला की व्हॅनिला, डोंगराकडचा असला की पेपरमिंट, आणि दक्षिणेचा असला की बायका दोरीवरचे कपडे आत घ्यायच्या, कारण तिकडे कांद्या-लसणाच्या स्वादाची शेड होती. बेकरीत रांगेत उभं राहिलं की पुढचा माणूस कुठल्या शेडमधला आहे हे त्याने तोंड उघडायच्या आत समजायचं. कांदेवाल्यांना बसमध्ये कायम मागच्या दाराशी उभं राहावं लागे. रास्पबेरीवाल्यांच्या मागे उन्हाळाभर मधमाश्या. आणि दिव्यांच्या शेडमधल्या लोकांच्या अंगाला गुलाबाचा वास यायचा. त्यांचा फोरमन टेम्मे म्हणायचा, "आपल्याला बायका फसवू शकत नाहीत आणि आपण बायकांना फसवू शकत नाही. कुठेही गेलो तरी मागे पत्ता राहतो."

ही शेड वरच्या कारखान्याच्या अगदी टोकाला होती. १९६२ साली ती सुरू झाली, आणि पहिल्या दिवसापासून एवाल्ड तिथे होता. आत माणसाच्या उंचीची काचेची नळकांडी. प्रत्येकाच्या पोटात एक लांब दिवा, पाण्याने थंड ठेवलेला. नळकांड्यात गवताच्या तेलातून काढलेलं द्रव्य भरायचं, त्यात चिमूटभर लाल रंग टाकायचा, खालून प्राणवायूचे बुडबुडे सोडायचे आणि दिवे लावायचे. सगळी करामत त्या चिमूटभर रंगाची. तो प्रकाश स्वतः पितो आणि प्राणवायूला पाजतो. एरवी शहाण्यासारखा वागणारा प्राणवायू मग असा चेकाळतो, की तेलाला जाऊन भिडतोच. रंग मात्र नामानिराळा. लग्न जुळवणाऱ्या मावशीसारखा एक लग्न लावून पुढच्या घरी. त्यानंतर आणखी दोन-तीन संस्कार झाले की दोन दिवसांनी जे हाती येई, ते खऱ्या गुलाबात आणि रास्पबेरीत असतं तेच द्रव्य. झाड जे उन्हात करतं, ते आमची माणसं दिव्याखाली करायची. सरबताच्या मोठ्या टाकीला त्याचे चार थेंब पुरायचे.

त्या दिव्यांवर एवाल्डचा जीव होता. युद्धानंतर त्याने बरीच कामं केली होती, लाकडाच्या वखारीत, रेल्वेच्या यार्डात, पण सकाळी शेडचं दार उघडून एकेक दिवा लावताना जे वाटे, ते कुठेच वाटलं नव्हतं. लाल पाण्यातून प्रकाश भिंतीवर पडायचा आणि सगळी शेड संध्याकाळच्या ढगासारखी होऊन जायची. तो बोलून दाखवणारा माणूस नव्हता. पण सुट्टीच्या दिवशीही काहीतरी विसरल्याचं निमित्त काढून शेडमध्ये एक चक्कर टाकून यायचा.

कारखान्याचा एक जुना नियम होता. तयार झालेल्या बॅचचा पहिला वास, ज्याने ती दिव्याखाली केली त्यानेच घ्यायचा. कागदाची एक पट्टी जुन्या, पसंत पडलेल्या मालात बुडवायची, दुसरी नव्या मालात. दोन्ही हुंगायच्या आणि वहीतल्या वासाच्या रकान्यात लिहायचं: नेहमीसारखा, किंवा वेगळा. खाली सही. नाक गेलेल्या माणसाला दिव्यांपाशी जागा नव्हती. म्हाताऱ्या ग्र्युपेची जागा अशीच गेली. जन्मभर शेडमध्ये काढून शेवटी मागच्या आवारात पिंपं धूत बसला. कोणी हाक मारली तर मान वर करायचा नाही.

१९६६ च्या वसंतात एवाल्डने पट्टी नाकाशी धरली आणि काहीच आलं नाही. त्याने दुसरी धरली. तीच गत. कॅन्टीनमध्ये जाऊन कॉफी हुंगली, ती आली. सॉसेज आलं. टेम्मेच्या पाइपचा धूर तर डोळ्यांत पाणी आणण्याइतका आला. गेला होता तो फक्त गुलाब. चार वर्षं अहोरात्र त्याच वासात राहून नाकाने त्याची दखल घेणंच सोडून दिलं होतं.  एवाल्ड पट्ट्या चांदीच्या कागदात गुंडाळून, डब्यात घालून घरी गेला. घर कारखान्याच्या फाटकापासून पाच मिनिटांवर होतं.

त्याची बायको गेर्लिंडे, सगळे तिला लिंडे म्हणत, अंगणात त्याचे डांगरी कपडे उन्हात वाळत घालत होती.

"लिंडे, या पट्टीला वास येतो का गं?"

"येतो का? अरे, घरातल्या पडद्यांनासुद्धा येतो! चार वर्षं मी गुलाबाच्या वाफ्यात झोपतेय, आणि हा विचारतोय वास येतो का."

"मला येत नाही."

लिंडेने हातातला चिमटा खाली ठेवला. रिकामी टोपली उपडी करून तिच्यावर बसली. दोघांच्याही डोळ्यांपुढे म्हातारा ग्र्युपे होता.

"टेम्मेला सांगितलंस?"

"अजून नाही."

"मग सांगूही नकोस. माझं नाक काय नुसतं शोभेला आहे? आण इकडे."

तेव्हापासून दर बुधवारी दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, कारखान्याचा माल लिंडेच्या स्वयंपाकघरात पास होऊ लागला. एवाल्ड बटाट्याचं सूप खायचा आणि ती खिडकीशी उभी राहून पट्ट्या हुंगायची. शिकलेली नव्हती, पण नाक तिखट. "आज पिअरच्या सालीसारखं आहे, छान." "आज जरा हिरवट, पण चालेल." दोनदा म्हणाली, "यात साबण आहे रे. नको." दोन्ही वेळा एवाल्डने 'वेगळा' लिहिलं आणि दोन्ही वेळा प्रयोगशाळेत खरंच खोट सापडली. टेम्मेने त्याच्या पाठीवर थाप मारली. "काय नाक आहे लेका तुझं!" एवाल्डला त्या दिवशी जेवण गेलं नाही. माणूस सरळ होता. खोटी सही त्याला रोज टोचायची. पण दिवे त्याहून मोठे होते, आणि तो गप्प राहिला.

१९७० च्या जानेवारीत फ्लूची साथ आली. लिंडे तीन आठवडे अंथरुणाला खिळली होती. उठली, कामाला लागली, बुधवारच्या पट्ट्याही पुन्हा सुरू झाल्या. आताशा ती फार वर्णन करत नसे. पट्टी नाकाशी न्यायची, त्याच्याकडे बघायची आणि म्हणायची, "ठीक आहे." एवाल्डला वाटलं, कंटाळली असेल बिचारी. १९७१ च्या मार्चमध्ये मात्र ती ठामपणे "नको" म्हणाली, आणि ती बॅच खरोखरच वाया गेलेली निघाली.

१९७२ च्या जूनमध्ये प्रयोगशाळेत एक यंत्र आलं. मालाचा एक थेंब त्यात सोडला की कागदावर डोंगर-दऱ्या काढून दाखवायचं, कशात काय किती आहे ते. प्रयोगशाळेचे प्रमुख डॉक्टर हारबोर्ट, उंच, शिडशिडीत, खिशात कायम पेपरमिंटच्या गोळ्या, त्या यंत्रावर नवऱ्या मुलासारखे खूश होते. त्याच आठवड्यात एवाल्डची उजवी दाढ ठणकायला लागली. दाताच्या डॉक्टरला तो रणगाड्यापेक्षा जास्त घाबरायचा, त्यामुळे कोणाला काही बोलला नाही. बुधवारी दुपारी गाल दाबत घरी आला, सूप बाजूला सारलं आणि पट्ट्या टेबलावर ठेवल्या. लिंडेने त्या नाकाशी नेल्या, त्याच्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं.

"नको हे, एवाल्ड. वेगळं आहे."

त्याने वहीत 'वेगळा' लिहिलं आणि सही केली.

तासाभरात बोलावणं आलं. प्रयोगशाळेत डॉक्टर हारबोर्ट आणि टेम्मे उभे होते. समोर यंत्राने काढलेला लांबलचक कागद.

"एवाल्ड, यंत्र म्हणतंय माल उत्तम. मी हुंगला, उत्तम. टेम्मेने हुंगला, उत्तम. तुम्हाला यात काय वेगळं आलं?"

एवाल्ड त्या कागदावरच्या डोंगर-दऱ्या बघत राहिला.

"या दोन पट्ट्या घ्या. एक तुमच्या मालाची, एक नुसता कोरा कागद. कोरा कुठला ते सांगा."

एवाल्डने दोन्ही हातांत घेतल्या. एक नाकाशी नेली, मग दुसरी. शेंबडं पोर ओळखेल असली परीक्षा. त्याने त्या हळूच टेबलावर ठेवल्या.

"डॉक्टरसाहेब, मला गुलाब येत नाही. सहा वर्षं झाली."

टेम्मेच्या तोंडातला पाइप तसाच राहिला. "सहा वर्षं? आणि ते 'वेगळा, वेगळा' कोण लिहीत होतं, तुझी आजी?"

"बायको," एवाल्ड म्हणाला, आणि मग सगळं सांगून टाकलं. डबा, चांदीचा कागद, बुधवारचं सूप, सगळं. सांगताना त्याला लाज वाटली आणि हलकंही वाटलं.

डॉक्टर हारबोर्टनी जुनी वही काढून चाळली. पेपरमिंटची एक गोळी संपली, दुसरी तोंडात गेली. "गेल्या सहा वर्षांत तीन वेळा तुम्ही माल अडवलात, तिन्ही वेळा बरोबर. म्हणजे तुमच्या बायकोने अडवला. चुकली ती आज पहिल्यांदा." त्यांनी वही मिटली. "शुक्रवारी त्यांना घेऊन या. सहा पट्ट्या ठेवतो, काही चांगल्या मालाच्या, काही खराब. ओळखल्या, तर तुम्ही दिव्यांपाशी राहाल आणि वहीत रीतसर त्यांचं नाव घालू. नाही ओळखल्या, तर टेम्मे तुमच्यासाठी आवारात जागा बघेल. मला इलाज नाही."

एवाल्ड घरी गेला तो जवळजवळ पळतच. "लिंडे, सुटलो! अगं, तुझं नाव घालणार आहेत वहीत. सहा पट्ट्या म्हणजे तुझ्या डाव्या नाकपुडीचं काम!" लिंडे बटाटे सोलत होती. तिने मान हलवली आणि सोलत राहिली. गुरुवारी ती दिवसभर काही बोलली नाही. एवाल्डला वाटलं, साहेबांसमोर जायचं म्हणून धास्तावली असेल. आपल्या दाढेचं दुखणं तो त्या आनंदात विसरूनच गेला होता.

शुक्रवारी ती चर्चचा कोट आणि टोपी घालून आली. टेबलावर लाकडी चिमट्यांत सहा पट्ट्या उभ्या होत्या. डॉक्टरांनी तिला खुर्ची दिली.

"श्पोर्लेडरबाई, घाई करू नका. एवाल्ड, तुम्ही तिकडे खिडकीशी जा आणि बाहेर तोंड करून उभे राहा. खाणाखुणा नकोत."

एवाल्ड खिडकीशी उभा राहिला. खाली आवारात कोणीतरी पिंपांवर पाण्याचा पाइप मारत होतं. त्याने पिंपं मोजायला घेतली. मागे कागदाची बारीक सळसळ झाली. पहिली पट्टी. मग दुसरी. मग बराच वेळ काहीच नाही. पिंपं एकतीस झाली.

"डॉक्टरसाहेब," लिंडेचा आवाज आला, "याला जरा इकडे वळवा."

"का बरं?"

"मला त्याचं तोंड दिसत नाही."

"बाई, तेच तर मला नकोय."

"मग मी जाते घरी. कारण मला यातलं ओ की ठो कळत नाही."

एवाल्ड वळला नाही. वळताच आलं नाही त्याला.

"सत्तरच्या फ्लूमध्ये माझं नाक गेलं," लिंडे म्हणाली. "वाटलं होतं महिन्याभरात येईल. आलंच नाही."

"अडीच वर्षं?" डॉक्टर म्हणाले. "मग माल पास कशा करत होतात?"

"हा जेवायला यायचा ना. दारात उभा राहिला की कळायचं. खांदे सैल, सूपात पाव बुडवून खातोय, शेजाऱ्याच्या कुत्र्याची नक्कल करतोय, म्हणजे माल चांगला. मी पट्टी नाकाशी नुसती धरायची. याला दाखवायला."

"आणि गेल्या वर्षीची, मार्चची बॅच? ती खरंच खराब होती. मी स्वतः तपासली होती."

"त्या दिवशी पडलेलं तोंड घेऊन आला. चमच्याला हात लावला नाही. म्हटलं, नको."

डॉक्टर हारबोर्ट खिडकीकडे वळले. "एवाल्ड, इकडे बघा. ती बॅच खराब आहे हे तुम्हाला आधीच माहीत होतं?"

एवाल्ड आता वळला. लिंडेकडे बघायचं त्याने टाळलं. "सोमवारपासून खटकत होतं साहेब. माल नीट होत असला की बुडबुडे आत विरतात, वर येईपर्यंत त्यांचा दम संपतो. नुसतं सूं सूं ऐकू येतं. काम पुरं झालं की मग ते वर येऊन फुटायला लागतात. त्या सोमवारी ते दोन तास आधीच फुटायला लागले. आणि लाल रंग विटका दिसत होता. दिव्याची काच काळवंडली असणार."

"मग बोलला का नाहीत?"

"वहीत वासाचा रकाना आहे साहेब. बुडबुड्यांचा नाही."

 मग डॉक्टरांनी विचारलं, "आणि परवा? परवाच्या मालात तर काहीच खोट नव्हती."

"परवा याचं तोंड इतकं वाकडं होतं," लिंडे म्हणाली, "की मला वाटलं शेडच जळाली."

"दाढ दुखत होती," एवाल्ड म्हणाला.

"दाढ?" लिंडे खुर्चीवरून उठलीच. "मेल्या, मग सांगायचं नाही का! मी आपली जन्माची चिंता घेऊन बसले, आणि तुझी दाढ!"

डॉक्टर हारबोर्ट हसले. त्यांना आम्ही कोणी त्याआधी हसताना पाहिलं नव्हतं, असं टेम्मे पुढे शपथेवर सांगायचा. मग त्यांनी वही ओढली, आखायची पट्टी घेतली आणि वासाच्या रकान्याशेजारी एक उभी रेघ मारली. नव्या रकान्यावर लिहिलं: दिवेवाल्याचं मत. "वास यापुढे टेम्मे घेईल. तुम्ही इथे लिहायचं, बुडबुडे काय म्हणतात ते. आणि एवाल्ड, आधी ती दाढ काढून या."

म्हणजे दिवे राहिले. पुढे चौदा वर्षं राहिले. एवाल्डला त्या दिवशी आनंदाने वेडं व्हायला हवं होतं. पण घरी जाताना, वेझरच्या काठाने, तो मुकाट चालत होता. लिंडे टोपी हातात घेऊन बरोबरीने चालत होती.

"कॉफीचासुद्धा नाही येत?" त्याने विचारलं.

"नाही."

"पावाचा?"

"नाही. म्हणून तर करपतो."

"मग मला का नाही सांगितलंस, लिंडे?"

"सांगितलं असतं तर तू दुसऱ्या दिवशी टेम्मेपुढे जाऊन उभा राहिला असतास. आणि जन्मभर पिंपं धुतली असतीस. तुला दिव्यांशिवाय बघवलं नसतं मला."

 अडीच वर्षं ही बाई नाकाशी कोरा कागद धरावा तशा पट्ट्या धरत होती, आणि समोर बसून आपण निवांत सूप पीत होतो. तो थांबला. आपल्या गुलाबी हातांकडे त्याने पाहिलं.

"आणि माझा? माझा वास?"

 "पूर्वी तू फाटक उघडलंस की मला स्वयंपाकघरात कळायचं," ती म्हणाली. "पाठमोरी असले तरी. आता तू केव्हा मागे येऊन उभा राहतोस, पत्ताच लागत नाही. दचकते मी दर वेळी. तुला कळू देत नाही, इतकंच."

त्याने तिचा हात धरला. भर दुपारी, नदीकाठी, सगळ्या गावादेखत. आमच्या गावात ही काही रीत नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून एवाल्ड फाटकातूनच हाक मारू लागला, "लिंडे, आलो गं!" सुरुवातीला शेजारी हसले, मग त्या हाकेवर घड्याळं लावायला लागले. १९८६ मध्ये तो निवृत्त झाला. अंगाचा गुलाब हळूहळू उडून गेला, हातांचा रंगही गेला. पण कोपऱ्यावरून पाव घेऊन आला तरीसुद्धा, तिला हाक दिल्याशिवाय त्याने कधी घरात पाऊल टाकलं नाही.